दोन गुण की दहा गुण?

एकाच उत्तरपत्रिकेला एका परीक्षकाने दहापैकी दोन गुण द्यावेत आणि दुसऱ्याने पैकीच्या पैकी, तर आपण लगेच फेरतपासणीचा अर्ज करू. २०१० साली ‘डेडली प्रेमोनिशन’ या जपानी व्हिडिओ गेमच्या वाट्याला नेमके हेच आले. ‘आयजीएन’ने त्याला दहापैकी दोन गुण दिले, तर ‘डिस्ट्रक्टॉइड’ने दहापैकी दहा. समीक्षकांत सर्वाधिक मतभेद घडवणारा भयखेळ म्हणून गिनीजनेही त्याची नोंद केली. आज हा खेळ पुन्हा पाहताना वाटते, दोन्ही परीक्षकांचे बरोबरच होते.

आधी कथा पाहू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले ग्रीनव्हेल हे काल्पनिक गाव. भोवती जंगल आणि सतत पाऊस. एका तरुण मुलीचा निर्घृण खून होतो आणि तपासासाठी एफबीआयचा अधिकारी यॉर्क गावात येतो. लाल रेनकोट घातलेला, हाती कुऱ्हाड घेतलेला खुनी त्याच्याही मागे लागतो. १९९० च्या ‘ट्विन पीक्स’ या दूरदर्शन मालिकेची आठवण व्हावी असेच हे सारे आहे.

आता दोष. ते लपवण्यात अर्थ नाही. चित्रे त्या काळाच्या मानानेही जुनाट, मोटार धड वळत नाही, नकाशा पाहून रस्ता सापडेल तर शपथ! झपाटलेल्या प्रेतांशी चालणारी मारामारी थोड्याच वेळात कंटाळवाणी होते. गंभीर प्रसंगी मध्येच शिट्टीची उडती चाल वाजू लागते. दोन गुण देणाऱ्याने हे सगळे मोजले.

पण दिग्दर्शक हिदेताका सुएहिरो, म्हणजेच ‘स्वेरी’, यांनी आपला जीव ओतला तो गावात. ग्रीनव्हेलची माणसे घड्याळाप्रमाणे जगतात. सकाळी कामाला जातात, दुपारी जेवतात, रात्री घरी परततात. तुम्ही तिथे असा वा नसा, त्यांचा दिवस सुरूच राहतो. यॉर्कलाही भूक लागते, झोप येते. दाढी केली नाही तर वाढते, कपडे बदलले नाहीत तर अंगाभोवती माश्या घोंघावतात. गाडीत पेट्रोल भरावे लागते.

गावात सिगोर्नी नावाची एक म्हातारी आहे. हातात भांडे घेऊन ती वणवण फिरते. लोक तिला वेडी समजतात. भांडे गार होण्याआधी तिला गाडीतून घरी पोहोचवायचे, एवढेच एक काम. खुनाच्या तपासाशी त्याचा संबंध नाही. तरीही ते करावेसे वाटते, आणि तिथेच हा खेळ आपल्याला जिंकतो.

यॉर्कची सर्वात विचित्र सवय म्हणजे तो सतत ‘झॅक’ नावाच्या अदृश्य मित्राशी बोलतो. गाडी चालवताना त्याला जुन्या चित्रपटांच्या गोष्टी सांगतो, संकटात त्याचा सल्ला घेतो. सुरुवातीला वाटते, हा आपल्याशीच बोलतो आहे. झॅक कोण, हे शेवटी कळते आणि साऱ्या कथेचा अर्थ बदलतो. ते इथे फोडणार नाही. एवढेच म्हणेन, की भीतीच्या या गोष्टीच्या तळाशी एका लहान मुलाचे दुःख आहे. दहा गुण देणाऱ्याने बहुधा हे मोजले.

पालकांनी मात्र सावध असावे. युरोपात या खेळाला १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीचा दर्जा आहे. स्त्रियांवरील हिंसेची काही दृश्ये प्रौढांनाही अस्वस्थ करतील. २०१३ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली, २०२० मध्ये दुसरा भागही आला. पण नव्या खेळाडूने पहिल्यापासूनच सुरुवात करावी.

आपल्याकडेही हल्ली चित्रपट असो वा पुस्तक, आधी चांदण्या मोजल्या जातात आणि मग ते पाहायचे की नाही ते ठरते. चांदण्या जरूर पाहाव्यात, पण देणाऱ्याने काय मोजले तेही वाचावे. सफाई मोजणाऱ्याला या खेळात फारसे काही सापडणार नाही. माणसे शोधणाऱ्याला मात्र अख्खे गाव सापडेल.