टायटॅनियमच्या नळीला जादा पैसे कशासाठी?

पेंटबॉलमध्ये थोडा हात बसला आणि भाड्याचा मार्कर (रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक) सोडून स्वतःचा घेतला, की खेळाडूचे पुढचे लक्ष हमखास बॅरलकडे, म्हणजे मार्करच्या नळीकडे जाते. नळी आट्यांवर बसवलेली असते. हाताने फिरवून काढता येते आणि दुसरी लावता येते. गोळी तिच्यातूनच बाहेर पडत असल्यामुळे नेम चुकला की पहिला संशयही तिच्यावरच येतो. या संशयावरच महागड्या नळ्यांचा धंदा चालतो आणि त्यात टायटॅनियमचा मान वरचा. ॲल्युमिनियमच्या चांगल्या नळीच्या किमान दुप्पट, आणि अनेकदा त्याहून जास्त पैसे तिच्यासाठी मोजावे लागतात. माझ्या मते हे पैसे वाया जातात. टायटॅनियम हा थोर धातू आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याचे जे गुण आपण विकत घेतो, त्यांतला एकही या नळीच्या कामाला लागत नाही आणि नळीला ज्याची गरज असते ते टायटॅनियम देत नाही.

हे पटण्यासाठी आधी गोळी पाहावी लागते. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या जंगलात बाराजणांनी पेंटबॉलचा पहिला डाव खेळला. त्यांच्या हातातली नेल-स्पॉट ००७ पिस्तुले मुळात झाडांवर आणि जनावरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली होती. तेव्हापासून आजवर मार्कर ओळखू न येण्याइतका बदलला, पण गोळीचा घाट तोच राहिला. औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखे जिलेटिनचे कवच, आत रंगीत द्रव, व्यास नाममात्र ०.६८ इंच म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटर आणि वजन तीन ग्रॅमच्या आसपास. कवचाचे दोन अर्ध जुळतात तिथे शिवण असते. गोळी पूर्ण गोल क्वचितच असते. मैदानावर वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर. कित्येक ठिकाणी ती २८० फुटांवरच ठेवतात. इतक्या वेगाने निघालेल्या इतक्या हलक्या गोळीला हवा किती अडवते याचा हिशेब केला, तर नळीतून बाहेर पडताक्षणी हवेचा विरोध गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे अठरापट भरतो. तीस मीटर जाईपर्यंत तिचा वेग जवळपास निम्मा होतो. या वेगात आणि या आकारात गोळीच्या मागे हवेचे भोवरे सुटत राहतात. ते तिला कधी डावीकडे, कधी उजवीकडे ढकलतात. रायफलीच्या नळीतले पीळ भरीव गोळीला स्वतःभोवती फिरवून सरळ ठेवतात. इथे पोटात द्रव असल्यामुळे कवचाला दिलेला पीळ आतल्या वस्तुमानापर्यंत धड पोचतच नाही. एकाच मार्करमधून, एकाच नळीतून, मार्कर शिकंज्यात आवळून सोडलेल्या दहा गोळ्यासुद्धा दूरच्या फळ्यावर दहा ठिकाणी फुटतात, त्याचे कारण हे आहे. हे सगळे नळीच्या तोंडापलीकडे घडते. नळी कशाचीही असो, गोळी तिच्याबाहेर पडल्यावर धातूचा तिच्यावर काहीही ताबा उरत नाही.

आता नळीच्या आत काय होते ते पाहू. टायटॅनियमची ख्याती मुख्यतः ताकदीची. विमानांत, जेट इंजिनांत, मोडलेल्या हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांत तो वापरतात. तिथे कमी वजनात प्रचंड ताण झेलायचा असतो, किंवा उष्णता आणि गंज यांना तोंड द्यायचे असते. पेंटबॉलच्या नळीत ताण किती येतो? तीन ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला ९१ मीटर वेग द्यायला साधारण साडेबारा ज्यूल ऊर्जा लागते. ही ऊर्जा वीसेक सेंटिमीटर अंतरात दिली जाते असे धरले, तर गोळीमागचा सरासरी दाब वातावरणाच्या दाबाच्या अडीच-तीन पट निघतो. क्षणिक दाब याच्या दुप्पट-तिप्पट धरला, तरी एक मिलिमीटर जाडीच्या भिंतीवर पाच ते सात मेगापास्कल एवढाच ताण पडतो. नळ्यांसाठी सर्रास वापरला जाणारा ६०६१ जातीचा ॲल्युमिनियम मिश्रधातू, पाणी दिलेल्या अवस्थेत, सुमारे २७५ मेगापास्कलपर्यंत कायमचा वाकत नाही. म्हणजे ॲल्युमिनियमच गरजेच्या जवळजवळ चाळीसपट मजबूत आहे. टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातू ८८० मेगापास्कलच्या घरातला, म्हणजे गरजेच्या सव्वाशेपट. चाळीसपटीपुढच्या ताकदीचे पैसे का द्यावेत, याचे उत्तर मला कुठल्याही जाहिरातीत सापडलेले नाही. उष्णतेचा तर प्रश्नच नाही, कारण इथे दारू जळत नाही. दाबलेला वायू प्रसरण पावतो आणि प्रसरणाने तो उलट थंडच होतो.

वजनाचा दावा यापेक्षा जास्त फसवा आहे. टायटॅनियम म्हणजे हलका, ही समजूत पोलादाशी तुलना केली तर खरी. टायटॅनियमच्या मिश्रधातूची घनता ४.४, पोलादाची ७.८ ते ८. पण ॲल्युमिनियमची २.७ आहे. भिंतीची जाडी सारखी ठेवली तर टायटॅनियमची नळी ॲल्युमिनियमच्या नळीपेक्षा दीडपटीहून जड भरते. टायटॅनियमची भिंत पातळ ठेवता येते म्हणून ही तूट भरून निघते, पण नफा मात्र होत नाही. चौदा इंच लांबीची, एक मिलिमीटर भिंतीची साधी टायटॅनियम नळी धरली तर वजन सुमारे ९० ग्रॅम येते. त्याच लांबीची ॲल्युमिनियमची नळी भिंत दीडपट जाड ठेवून केली, तरी ८५-९० ग्रॅमच भरते. पोलादाची एक मिलिमीटरची १६० ग्रॅमच्या आसपास जाते. हवेची टाकी आणि भरलेला हॉपर (गोळ्यांचा डबा) धरून हातातल्या मार्करचे एकूण वजन अडीच-तीन किलो असते. हॉपरमधल्या दोनशे गोळ्याच सहाशे ग्रॅम होतात. डाव सुरू होऊन पहिल्या काही सेकंदांत खेळाडू तीस गोळ्या झाडतो तेव्हा जेवढे वजन कमी होते, जवळपास तेवढाच फरक एक मिलिमीटरची पोलादी नळी आणि ॲल्युमिनियमची नळी यांच्यात आहे. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांच्यात तर फरकच नाही. वजनच कमी करायचे असेल, तर कार्बन फायबरची नळी या दोघांपेक्षाही हलकी असते.

मग टायटॅनियम महाग का? तो दुर्मीळ आहे म्हणून नव्हे. पृथ्वीच्या कवचात विपुलतेने आढळणाऱ्या मूलद्रव्यांत त्याचा क्रमांक नववा लागतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतसुद्धा इल्मेनाइटच्या रूपाने तो आहे, केरळात चवऱ्याला तर आहेच. महाग पडते ती त्याला ऑक्सिजनपासून सोडवण्याची प्रक्रिया. विल्यम क्रोल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली पद्धत आजही मुख्यतः चालते. खनिजापासून आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइड करायचे, मग हवाबंद भांड्यात मॅग्नेशियमने त्यातला धातू वेगळा करायचा, एकेक घाणा काढत. त्यानंतर लेथवरचे काम. टायटॅनियममधून उष्णता लवकर वाहून जात नाही, म्हणून ती कापणाऱ्या हत्याराच्या टोकाशीच साठते. धातू हत्याराला चिकटतो, हत्यारे झिजतात, काम सावकाश करावे लागते. म्हणजे गिऱ्हाईक जी किंमत मोजते, ती भट्टीची आणि यंत्रशाळेची. गोळीच्या वाटेवर त्यातला एक पैसाही खर्च होत नाही. उलट नळीचा आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करणे ॲल्युमिनियमला आणि स्टेनलेस पोलादाला सोपे जाते. चिकटणाऱ्या टायटॅनियमला तीच सफाई आणायची तर मेहनत वाढते. आणि गोळीला धातूचे नाव कळत नसले तरी आतली सफाई मात्र कळते.

गोळीला कळणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नळीच्या पोकळीचा आतला व्यास. गोळ्या ०.६८ इंचाच्या म्हणून विकल्या जातात, पण प्रत्यक्षात एकेका खोक्यात त्या इंचाच्या काही हजारांश भागांनी लहानमोठ्या असतात. म्हणून चांगल्या संचात ०.६७९ पासून ०.६९३ इंचापर्यंतच्या वेगवेगळ्या आतल्या नळ्या मिळतात. याची तपासणी मैदानावर कोणालाही करता येते आणि तिला काही खर्च नाही. नळी मार्करवरून काढायची, मागच्या तोंडातून त्या दिवशीच्या खोक्यातली एक गोळी टाकायची आणि नळी उभी धरायची. गोळी सरळ घरंगळत खाली पडली तर नळी मोठी आहे. अडकून बसली आणि जोरात फुंकूनही हलेना, तर लहान. गोळी जागच्या जागी थांबली आणि हलक्या फुंकरीने सुटली, तर माप जुळले. पाच-सहा गोळ्या तपासल्या की त्या खोक्याचा कल समजतो. नळी फार मोठी असेल तर हवा गोळीच्या कडेने निसटते, प्रत्येक गोळीला मिळणारा वेग कमीजास्त होतो आणि टाकीही लवकर संपते. नळी फार लहान असेल तर नाजूक कवच आतच फुटण्याचा धोका. एकाच मापाची टायटॅनियम नळी या बाबतीत खेळाडूला बांधून टाकते. तिच्या किमतीत ॲल्युमिनियमची चार-सहा मापांची संचनळी येते आणि ती दर खोक्याला जुळवून घेता येते.

जुळणी साधली की उरतो तो वेगाच्या सातत्याचा प्रश्न, आणि तो नळीचा नसून हवेचा आहे. तीस मीटरवर गोळी साधारण मीटरभर खाली येते. वेगात पाच टक्क्यांचा फरक पडला तर तिथे आठ-दहा सेंटिमीटरचा फरक दिसतो. कार्बन डायऑक्साइडच्या टाकीतला दाब तापमानाबरोबर पालटतो. शून्य अंशाला सुमारे ३५ बार, वीस अंशाला सुमारे ५७ बार. भराभर गोळ्या सोडल्या की टाकी गारठते आणि वेग घसरतो. नियंत्रक बसवलेली दाबलेल्या हवेची टाकी हा चढउतार बराच आटोक्यात आणते. गोळ्यांचे तर विचारूच नका. जिलेटिन हवेतला ओलावा शोषते, फुगते, मऊ पडते, आणि खोके एकाच बाजूवर ठेवले तर गोळी चपटी होते. लोणावळ्याच्या पावसाळी दमटपणात उघडे पडलेले खोके जगातल्या कुठल्याही नळीतून नीट जाणार नाही.

यावर अनुभवी खेळाडू काही आक्षेप घेतील आणि त्यांची दखल घ्यायला हवी. पहिला आक्षेप टिकाऊपणाचा. ॲल्युमिनियमच्या नळीला पोचा पडतो, ओरखडे येतात. टायटॅनियम आपटला तरी सहसा बधत नाही आणि गंजतही नाही. हे खरे आहे. पण नळीला जोराचा मार बसतो तेव्हा ताण जातो आट्यांवर, आणि मार्करच्या अंगातले आटे बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात. कठीण नळीमुळे स्वस्त भाग वाचतो आणि महाग भाग बिघडण्याची शक्यता वाढते. शिवाय पोचा पडलेली ॲल्युमिनियमची नळी टाकून दुसरी घेतली, तरी दोन्हींचा मिळून खर्च एका टायटॅनियमच्या नळीइतकाच येतो. दुसरा आक्षेप असा, की वरच्या दर्जाचे खेळाडू महागडे सामान वापरतात ते उगाच नाही. पण प्लॅनेट इक्लिप्स किंवा डाय यांच्या स्पर्धेसाठीच्या महागड्या मार्करसोबत कारखान्यातून येणारी नळी ॲल्युमिनियमचीच असते. जिथे हारजीत पैशांवर आणि नावावर बेतते, तिथेही निर्मात्यांना टायटॅनियमची गरज वाटलेली नाही. यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. तिसरा आक्षेप आवडीचा. टायटॅनियमचा करडा रंग, तापवल्यावर त्यावर उमटणाऱ्या निळ्या-जांभळ्या छटा, टकटक केल्यावर येणारा वेगळा नाद, याचे कोणाला वेड असेल तर तो त्याचा हक्क आहे. सुंदर वस्तू जवळ बाळगण्यात गैर काही नाही. मात्र ती नेम सुधारते म्हणून विकणे चूक आहे, आणि माझा विरोध आहे तो त्या विक्रीला. पहिलाच मार्कर घेणारा कॉलेजातला मुलगा साठवलेले पैसे याच आशेवर देऊन बसतो.

म्हणून नव्या खेळाडूंना, आणि अमेरिकेत-इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी मैदानावर जाणाऱ्या आपल्या मराठी मुलांना माझे सांगणे आहे, की जास्तीचे पैसे आधी मुखवट्यावर घाला. दुहेरी भिंगाचा, वाफ न धरणारा, एएसटीएम एफ१७७६ या मानकाचा मुखवटा घ्या, कारण डोळा गेला तर परत मिळत नाही. मग ताज्या गोळ्या, मग नियंत्रकाची हवेची टाकी, मग चार मापांची ॲल्युमिनियमची नळी. एवढे केल्यावरही पैसे उरले, तर त्या पैशांच्या गोळ्या घ्या आणि सरावाला जा.