काचेवरचे नाव

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला व्हॉल्व्ह गेला की नवा बसवायचा. यात लेख लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. कविता, प्रवासवर्णने आणि हुंड्यावरचे विचार यांच्या रांगेत हा विषय उपराच दिसणार, हे मला मान्य आहे. परंतु गणेशोत्सवात आणि जत्रेत वाद्यवृंदातून गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या खिशाशी त्याचा संबंध आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, व्हॉल्व्ह घेताना आपण काचेवर छापलेल्या नावाला भरमसाट पैसे मोजतो आणि त्याचे माप मात्र विचारतही नाही.

ज्यांच्या घरी आजोबांचा रेडिओ होता त्यांना व्हॉल्व्ह ठाऊक असेल. निर्वात काचेच्या नळीत तापलेली तार आणि तिच्याभोवती पत्र्याचे वेष्टन. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढे रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडले नाही. व्हॉल्व्हवर जास्त भार टाकला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू खरखरीत होत जातो. तोच खरखरीतपणा १९६० नंतरच्या रॉक संगीताने आपला स्वर मानला. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ मध्ये अमेरिकन फेंडरच्या आराखड्यावरून आपला अ‍ॅम्प्लिफायर बांधला, त्याच सुमारास व्हॉक्सचा एसी ३० इंग्रज पोरांच्या हाती आला, आणि तेव्हापासून ही नळी काही केल्या मरायला तयार नाही.

आता नावांविषयी. व्हॉल्व्हला दोन नावे असतात, एक जातीचे आणि एक कंपनीचे. जातीचे नाव प्रामाणिक असते. संस्कृतच्या तासाला समास सोडवतात तसे ते सोडवता येते. ‘ईसीसी ८३’ घ्या. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, दोन ‘सी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. आकड्यातला ८ सांगतो की पाय नऊ आहेत. ‘ईएल ३४’ मधला ‘एल’ म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा पॉवर पेंटोड, आणि ३ म्हणजे आठ पायांचा ऑक्टल तळ. ईसीसी ८३ लाच अमेरिकेत १२ एएक्स ७ म्हणतात. त्याची वर्धनशक्ती १००, ईसीसी ८१ ची ६०, ईसीसी ८२ ची वीसच्या आसपास. तिघांचे पाय सारखेच जुळतात. पहिल्या खोबणीत ८३ च्या जागी ८१ बसवून पाहा. आवाज लवकर फाटायचा थांबतो, हे सुरांचे ज्ञान नसलेल्यालाही कळते. हा जातीचा फरक आहे, आणि तो खरा आहे.

कंपनीच्या नावाची गोष्ट निराळी. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला जुना मुलार्ड उत्तम असे, यात वाद नाही. पण तो कारखाना व्हॉल्व्ह बनवायचा थांबून कैक वर्षे झाली. आज नव्या खोक्यावर जे ‘मुलार्ड’ छापलेले दिसते ते नाव एका अमेरिकन कंपनीने विकत घेतलेले आहे, आणि आतली नळी रशियातल्या सरातोव शहरी तयार होते. त्याच कारखान्यातून तुंग-सोल, सोव्हटेक अशा इतर नावांचाही माल निघतो. तो माल वाईट आहे असे मी म्हणत नाही. मी म्हणते, नाव विकत मिळते. पूर्वीही कंपन्या एकमेकींकडून माल घेऊन त्यावर आपला शिक्का मारीतच असत. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी ईसीसी ८३ आणि ईएल ८४ बनवले होते. ते जुन्या बाजारात कुठे सापडले तर नाक मुरडण्याचे कारण नाही. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातबंदी घातली तेव्हा सरातोवचा माल काही काळ अडला, भाव चढले, आणि खोक्यावरच्या चित्रांना आणखीच मोल आले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

हे सगळे मी कशासाठी शोधत बसले? माझा मामा वाद्यवृंदात गिटार वाजवतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली, आणि माझी फी तो भरतो. गेल्या वर्षी त्याच्या अ‍ॅम्पचा आवाज दबला. शहरातल्या एका दुकानदाराने पाचही व्हॉल्व्ह बदलायला सांगितले, आणि पॉवरची जोडी ‘असली इंग्लंडची’ म्हणून जी किंमत सांगितली ती माझ्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त होती. मामा द्यायला तयार झाला होता. “नावाचा माल आहे गं, पुन्हा बघायला नको,” म्हणाला. मी त्याला आधी तालुक्याच्या गावी एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककाकांकडे नेले. त्यांच्याजवळ लाकडी पेटीतला जुना टेस्टर आहे. लहान तिन्ही व्हॉल्व्ह धडधाकट निघाले. काकांनी त्यांना पेन्सिलीने टिचकी मारून पाहिली. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला असता तर ते बाद. दोन ईएल ३४ पैकी एक मात्र थकला होता. साध्या नव्या बनावटीची जुळलेली जोडी आणली, आणि फी वेळेवर भरली गेली.

जोडी जुळलेली का हवी, हेही काकांनी समजावले. दोन व्हॉल्व्ह बैलजोडीसारखे ओढतात; एकाचा प्रवाह जास्त झाला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधला तोल जातो आणि गुणगुण सुरू होते. शिवाय नवी जोडी बसवून नुसते बटण दाबायचे नाही. मामाच्या अ‍ॅम्पचा बायस हाताने लावावा लागतो. ईएल ३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट. स्वस्थ असताना तिच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट, यापुढे जाऊ नये. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर हिशेब ३९ मिलिअँपिअरचा निघतो. हा भागाकार शाळेतल्या मुलालाही येईल, पण दुकानात तो कोणी करून दाखवला नाही.

‘कानाला कळते हो,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कळतही असेल. पण डोळे बांधून एकदा ऐकावे, अशी माझी त्यांना नम्र सूचना आहे. आणि हौस म्हणून ६ एल ६ काढून त्या जागी ईएल ३४ खुपसणाऱ्यांना तर हात जोडावेत. एकाचा हीटर ०.९ अँपिअर खातो, दुसऱ्याचा दीड. चार नळ्यांचा अ‍ॅम्प असेल तर ३.६ चे सहा होतात, आणि ट्रान्सफॉर्मरचा धूर निघाला की नळीला दोष!

बायस लावायचे काम मात्र जाणत्याकडेच द्यावे. बटण बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. आमचे काका माप घेत होते तेव्हा त्यांचा डावा हात पूर्ण वेळ पाठीमागे होता. मला वाटले, खोडच असेल. विचारले तर मीटरवरची नजर न काढता म्हणाले, “दोन्ही हात आत गेले, की वीज छातीतून वाट काढते, बाळ.”