इंग्रजी येतं, पण पासपोर्ट कुठला?

वरणगाव-भुसावळ पट्ट्यात इंग्रजीत एम.ए., बी.एड. केलेली आपली कितीतरी मुलं-मुली तासिका तत्त्वावर दिवस काढत आहेत. ‘कोरिया, थायलंडमध्ये इंग्रजी शिकवा’ ही जाहिरात त्यांच्याच मोबाईलवर येते. म्हणून आम्ही नियम वाचून काढले.

दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. इंग्रजी किती येतं हे नंतर, आधी देश कोणता ते बघतात. जन्मावरून लायकी ठरवणं आपल्याला नवीन नाही. इथे आडनाव विचारतात, तिथे पासपोर्ट.

पण एक दार उघडं आहे. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार (सेपा) १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यामुळे पदवी आणि शिक्षक-पात्रतेचं प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून हाच व्हिसा मिळू शकतो. म्हणजे आपलं बी.एड. वाया गेलेलं नाही.

थायलंडसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वेगळं वर्क परमिट, दोन्ही लागतं. ‘आधी फिरायला म्हणून जा, मग बघू’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. २०२२ मध्ये थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारमधल्या म्यावाडीला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. शाळेचा लेखी करार हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.