दुःखाला गिटारही चालते

नगर-दौंड रस्त्यावर अरणगावजवळच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. 10 जुलै 1925 रोजी त्यांनी मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत ते मोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं एक शब्द न बोललेल्या या संतपुरुषाला गुरू मानणाऱ्यांत लंडनचा पीट टाउनशेंड होता. त्याचा 'द हू' हा रॉक बँड गिटारी फोडण्यासाठी आणि कानठळ्या बसवण्यासाठी प्रसिद्ध होता. 31 मे 1976 रोजी लंडनच्या चार्ल्टन मैदानावर या बँडचा आवाज 126 डेसिबल मोजला गेला आणि गिनेस बुकात सर्वांत मोठ्या आवाजाची मैफल म्हणून त्याची नोंद झाली. मौन पाळणारा गुरू आणि गर्जणारा शिष्य ही जोडी अनेकांना विसंगत वाटते. मला ती फार सुसंगत वाटते. दुःखातल्या माणसाला आपण सहसा शांत संगीत ऐकायला सांगतो. बासरी लाव, मन स्थिर कर. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. काही दुःखांना शांतता पुरत नाही. त्यांना आपल्याच उंचीचा आवाज सोबतीला लागतो, आणि साठ-सत्तरच्या दशकांतलं रॉक संगीत ही सोबत फार चांगली करतं.

'बाबा ओ'रायली' हे 'द हू'चं 1971 सालचं गाणं घ्या. नावातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा. रायली म्हणजे अमेरिकी संगीतकार टेरी रायली, ज्याने किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं. म्हणजे भीमसेनजींचं घराणं आणि नगरची टेकडी, दोन्हींचा धागा या एका गाण्याच्या नावापर्यंत पोचतो. गाण्याचा जन्म मात्र अपयशातला. टाउनशेंडने 'लाइफहाउस' नावाचा एक प्रचंड प्रकल्प मांडला होता. तो कोसळला, आणि त्याबरोबर टाउनशेंडचं मनही कोसळलं. त्या ढिगाऱ्यातून जी गाणी उचलली गेली, त्यांतलं हे एक. सुरुवातीला बराच वेळ ऑर्गनचे सूर स्वतःभोवतीच फिरत राहतात, जपाच्या माळेसारखे. मग पियानोचे तीन दणदणीत स्वरसमूह येतात, पाठोपाठ ढोल आणि रॉजर डाल्ट्रीचा छाती फोडून निघालेला गळा. शेवटी व्हायोलिन येतं आणि लय वाढत वाढत नाचापर्यंत जाते. सगळं ठीक होईल अशी खोटी ग्वाही हे गाणं देत नाही. उजाड माळावर उभं राहूनही अंगात धावण्याइतकी ताकद आहे, एवढंच ते जाणवून देतं. खचलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. शिवाय टाउनशेंडचा 1972 चा 'हू केम फर्स्ट' हा अल्बम आहे. अरणगावला समाधीवर म्हटली जाणारी बाबांची 'परवरदिगार' ही प्रार्थना त्यात गिटारवर गायली आहे. ऐकून पाहा, भक्तीला ते वाद्य परकं वाटत नाही.

दुःखाला असा आवाज चालतो याचा पुरावा हवा असेल तर 20 ऑक्टोबर 2001 ची न्यूयॉर्कची रात्र आठवावी. अतिरेकी हल्ल्यात जुळे मनोरे कोसळून चाळीस दिवसही झाले नव्हते. त्या हल्ल्यात अग्निशमन दलाचे 343 जवान गेले होते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मदतीसाठी मैफल झाली आणि प्रेक्षकांत गणवेशातले जवान, पोलीस आणि गेलेल्यांचे कुटुंबीय होते. अशा सभेत विलापगीत शोभलं असतं. 'द हू'ने मात्र आपली सर्वांत आक्रमक गाणी वाजवली, त्यांत 'बाबा ओ'रायली'ही होतं, आणि शोकात बुडालेली ती माणसं उभी राहून, हात उंचावून गाऊ लागली.

यावर कोणी म्हणेल की हा जमावाचा उन्माद. घरी एकट्याने ऐकणाऱ्याचं काय? क्वीन्सलँड विद्यापीठातल्या लिआ शार्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल या संशोधकांनी 2015 मध्ये याचं उत्तर शोधलं. रॉकहून कितीतरी कर्कश असं मेटल संगीत आवडीने ऐकणाऱ्या 39 जणांना त्यांनी आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग काहींना त्यांचं संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. चिडचिड आणि ताण दोन्ही गटांत उतरले. हृदयाचे ठोके शांत बसणाऱ्यांत कमी झाले. संगीत ऐकणाऱ्यांत ते वाढले नाहीत, पण चढेच राहिले. उत्साह आणि उमेद मात्र फक्त संगीत ऐकणाऱ्यांत वाढली. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठा सिद्धांत रचू नये. तरी मौन आणि गर्जना यांची कामं वेगळी आहेत, हे त्यातून दिसतं. मौन माणसाला खाली आणून विसावा देतं, गर्जना त्याला उभं करते. ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावं.

हे सगळं परक्या देशाचं, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या भजनाकडे कान द्यावा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, असं चरित्रकार सांगतात. त्या घरातून जी वाणी निघाली ती आजही आपण टाळ-मृदंगाच्या गजरात म्हणतो, कुजबुजत नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगर जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, तेव्हा दुष्काळ असो वा अतिवृष्टी, मृदंगाची थाप सौम्य होत नाही. टिपेला गेलेलं भजन ज्याला कळतं, त्याला डाल्ट्रीचा गळा समजायला इंग्रजीची अडचण येऊ नये.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. ज्यांनी ही गाणी केली, त्यांना तरी ती वाचवू शकली का? 'द हू'चा ढोलवादक कीथ मून 1978 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी, गोळ्यांच्या अतिसेवनाने गेला. मेहेरबाबांनी अमली पदार्थांविरुद्ध स्पष्ट बजावलं होतं, तरी खुद्द टाउनशेंड पुढे दारू आणि हेरॉइनच्या गर्तेत गेला आणि कष्टाने बाहेर आला. हे नाकारण्यात अर्थ नाही. संगीत व्यसनावरचा उपचार नाही, तसंच ते पिकाला भाव मिळवून देत नाही. 1972 च्या दुष्काळात नगरच्या माणसाला तगवलं ते खडी फोडण्याच्या कामाने आणि सुकडीने, गाण्याने नव्हे. पण भाकरीची सोय झाल्यावरही माणसाला रात्र काढायची असतेच. मेहेरबाबांचा दुसरा रॉक-शिष्य रॉनी लेन याला मल्टिपल स्क्लेरोसिसने गाठलं. हातापायांतली ताकद जात राहिली. 1983 मध्ये एरिक क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज असे दिग्गज गिटारवादक त्याच्या आजाराच्या कामासाठी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एकत्र आले. आजार बरा झाला नाही, 1997 मध्ये तो गेला. पण ती मैफल त्याच्यासाठी झाली आणि त्याच्यासारख्या रुग्णांसाठी पैसा उभा राहिला, याला मी कमी लेखणार नाही.

आवाजाविषयी मात्र माझा आग्रह आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती मी या सोबतीत धरत नाही. दुसऱ्याच्या घरात, आजाऱ्याच्या उशाशी जबरदस्तीने घुसणारा आवाज कोणालाही दिलासा देत नाही. स्वतःच्या कानांचीही काळजी हवी. टाउनशेंडची श्रवणशक्ती याच संगीताने अधू झाली आणि तो तरुण वादकांना जाहीरपणे सावध करत आला आहे. जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित मानते. तेवढ्यात भरपूर रॉक ऐकून होतं.

तेव्हा घरातल्या मुलाची नोकरी गेली असेल, परीक्षेचा निकाल वाईट लागला असेल आणि बंद दाराआड गिटार मोठ्याने वाजत असेल, तर 'ते बंद कर' म्हणण्याआधी आत जा, त्याच्याशेजारी बसा आणि एक गाणं पूर्ण ऐका.