वेदी एक, दारें दोन

तामिळनाडूंत तिरुनेलवेलीच्या मुलखांत वडक्कनकुळम् नांवाचें एक गांव आहे. तेथें १८७२ सालीं पुरें झालेलें एक रोमन कॅथॉलिक चर्च आहे. त्याची बांधणी अशी कीं, वेदी एकच, परंतु तिच्याकडे येणारीं लांबट दालनें दोन. एका दालनांत वेळ्ळाळ जातीचे ख्रिस्ती बसावयाचे, दुसऱ्यांत नाडार जातीचे, आणि मध्यें भिंत. दोघांसही वेदी दिसावी, उपाध्याय दिसावा, मात्र एकमेकांचें तोंड दिसूं नये, अशी ही योजना होती. लोकांनीं थट्टेनें ह्या इमारतीस विजारीची उपमा दिली, व ती उपमा अजून पुसली गेलेली नाहीं. १९१० सालीं तेथील पाद्र्यानें मधली भिंत पाडविली, तेव्हां वेळ्ळाळ मंडळी कोर्टांत गेली. प्रकरण मद्रास हायकोर्टापर्यंत पोंचलें. त्या कोर्टानें जातीच्या वहिवाटीस हक्काचें स्वरूप देण्याचें नाकारलें, आणि हा निकाल १९१७ च्या लॉ रिपोर्टांत आमच्या वकील वाचकांस पाहावयास मिळेल.

आम्हांस निकालाहून वादींची मागणी अधिक विचार करावयास लावणारी वाटते. हे लोक पाखंडी नव्हते. बायबल खोटें आहे असें त्यांचें म्हणणें नव्हतें. येशूवरील त्यांच्या श्रद्धेस कोणी बोट लावावें असेंही कांहीं नव्हतें. त्यांचें म्हणणें इतकेंच कीं, स्वर्गांत काय व्हावयाचें तें होवो, येथें आमच्या बांकावर तो माणूस बसतां कामा नये. मुखानें एक धर्म आणि पायाखालीं दुसरा, अशी ही स्थिति आहे; आणि जो दुसरा, तो आमच्याच घरचा आहे हें आम्ही ह्या लेखाच्या आरंभींच कबूल करतों, म्हणजे पुढें जें लिहावयाचें त्यांत आम्ही शेजाऱ्याच्या घरांत डोकावून हंसत आहों असा कोणाचा समज होऊं नये.

ह्या प्रकाराचा इतिहास जुना आहे. रॉबर्ट डी नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ सालीं मदुरेस आला व संन्याशाचा वेष घेऊन उच्च वर्णीयांत धर्मप्रसार करूं लागला. १६२३ सालीं पंधरावे ग्रेगरी पोप यांनीं जानवें, शेंडी, गंध, स्नान अशा चालींना सवलत दिली. पुढें त्याच मोहिमेंत खालच्या मानलेल्या जातींकरितां निराळ्या दर्जाचे उपदेशक नेमिले गेले. सवलत देणारांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दारांतून आंत येतांना जोडे बाहेर काढा असें ज्यानें सांगितलें नाहीं, त्याला मागाहून चिखलाबद्दल तक्रार करण्यास तोंड राहत नाहीं. प्रॉटेस्टंटांची तऱ्हा निराळी होती. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं १८३३ सालीं स्पष्ट हुकूम काढला कीं, ख्रिस्ती मंडळीनें जात तत्काळ व कायमची सोडावी. हुकूम चांगला होता. पण तंजावर भागांतील शेंकडों वेळ्ळाळ ख्रिस्ती त्यामुळें मंडळींतून बाहेर पडले. देव सोडवला, पण जात सोडवेना.

हें सर्व दूर मद्रासकडचें म्हणून आमच्या वाचकांनीं सुस्कारा टाकण्याचें कारण नाहीं. आमच्या शेजारचा गोवाच घ्या. पोर्तुगीजांनीं तेथें चारशें एकावन्न वर्षें राज्य केलें, देवळें पाडिलीं, इन्क्विझिशन बसविलें, नांवें बदलिलीं, पोषाख बदलिला. परंतु बामण, चारडो आणि सुदीर ह्या तीन शब्दांस त्यांना हात लावतां आला नाहीं, किंबहुना लावावयाचाच नव्हता. कॉन्फ्रारिया म्हणून चर्चशीं जोडलेले जे भाविकांचे संघ तेथें पूर्वीपासून आहेत, त्यांत कोणत्या संघानें कोणत्या सणाचा मान घ्यावा, मिरवणुकींत कोणत्या रंगाचा झगा कोणी घालावा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे झाले, आणि त्या तंट्यांचें मूळ बहुधा जातींत सांपडतें. वर्तमानपत्रांतील वधुवरांच्या जाहिराती तर ज्याला वाचतां येतें त्यानें वाचाव्या. कॅथॉलिक ह्या शब्दाच्या शेजारीं ब्राह्मण हा शब्द निःसंकोचपणें छापलेला त्यांत आढळत आला आहे. १७८७ सालीं गोव्यांत पिंटोंचा कट म्हणून जो उठाव शिजला, त्याच्या मुळाशीं देशी पाद्र्यांचा एक खरा सल होता कीं, गोरे लोक आम्हांस मोठ्या जागा देत नाहींत. हा सल आम्हां राष्ट्रीय पक्षाच्या लोकांस पूर्ण समजतो. पण जो समाज गोऱ्याच्या तुच्छतेनें इतका पोळला, त्यानें आपल्या गांवच्या सुदिरास कॉन्फ्रारियाच्या दारांत अडविण्याचें सोडलें नाहीं.

मरणानें तरी हें मिटावें. पण तेंही नाहीं. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील कॅथॉलिक दफनभूमींत दलितांचीं थडगीं एका अंगास व इतरांचीं दुसऱ्या अंगास ठेवणारी भिंत वर्षानुवर्षें वादाचा विषय झालेली आहे. २००८ सालीं विळुप्पुरम् भागांतील एरैयूर गांवीं ह्याच प्रकारच्या कुरबुरींतून दंगा उसळला आणि पोलिसांच्या गोळीबारांत दोन माणसें मेलीं. भांडणारे दोन्ही पक्ष एकाच चर्चचे. केरळांत कोट्टयमकडे २०१८ सालीं एका दलित ख्रिस्ती तरुणानें वरच्या मानलेल्या ख्रिस्ती घरांतील मुलीशीं विवाह केला म्हणून त्यास पळवून नेण्यांत आलें, व त्याचा प्राण गेला. २०१९ सालीं सेशन्स कोर्टानें मुलीच्या भावासह दहा जणांस दोषी ठरवून जन्मठेप दिली, आणि हा कुळाच्या खोट्या प्रतिष्ठेपायीं झालेला खून आहे असें ठरविलें. नवराही ख्रिस्ती, सासराही ख्रिस्ती. ज्या पुस्तकावर हात ठेवून दोघेही शपथ घेते, त्यांत ग्रीक व यहुदी, दास व स्वतंत्र यांच्यांतला भेद पुसून टाकणारें पौलाचें पत्र आहे.

आतां आम्ही जी गोष्ट मुख्यतः सांगावयास बसलों तिच्याकडे येतों. ही नुसती पाखंडाची किंवा दांभिकपणाची गोष्ट असती, तर पाद्र्यांनीं प्रवचन करावें व आम्हीं गप्प बसावें, इतक्यानें भागलें असतें. पण तोंडचा धर्म आणि अंगणांतला व्यवहार यांतील ह्या अंतराची किंमत एका विशिष्ट माणसाकडून रोख वसूल होते, व ती वसूल करणाऱ्यांत आमचें सरकारही आहे. १९५० सालीं राष्ट्रपतींनीं अनुसूचित जातींविषयीं जो हुकूम काढला, त्याच्या तिसऱ्या कलमान्वयें हिंदु धर्म न मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा गणला जात नाहीं असें ठरलें. १९५६ सालीं त्यांत शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. परिणामी महार किंवा मांग कुळांतला एखादा मनुष्य ख्रिस्ती म्हणून नोंदला गेला, कीं शिष्यवृत्तीचा, नोकरीचा, राखीव मतदारसंघाचा दाखला त्याच्या हातून जातो. आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधारही त्याच दाखल्यावर टांगलेला असल्यामुळें, गांवांत त्याला जातीवरून मारहाण झाली तरी कायद्याच्या दृष्टीनें तो जातीवरून मार खाऊं शकत नाहीं. मारणारास मात्र त्याची जात बरोबर ठाऊक असते.

ह्या व्यवस्थेचें समर्थन ज्या युक्तिवादानें होतें तो आमच्या वाचकांनीं नीट पाहावा. ख्रिस्ती धर्मांत जातिभेद नाहीं, सबब ख्रिस्ती मनुष्यास जातीची इजा होत नाहीं, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे एका माणसानें रविवारीं काय म्हटलें, हा पुरावा धरून, सोमवारीं त्याच्या शेजाऱ्यानें त्याच्याशीं कसें वर्तन केलें याचा निर्णय द्यावयाचा! पुराव्याच्या कायद्याची पहिली पाठपुस्तिका वाचलेला विद्यार्थीही अशा अनुमानास हंसेल. शिवाय तोच न्याय बौद्धांस लावावयाचा तर लावतां आला असता; बुद्धाचाही धर्म जन्मजात उच्चनीचता मानीत नाहीं, आणि डॉ. आंबेडकरांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास तो स्वीकारला तो ह्याच कारणास्तव. तरी नवबौद्धांच्या पाठीस जातीचा जाच चिकटून राहिला हें सरकारनें १९९० सालीं मान्य केलें, व योग्य केलें. मग जो जाच बुद्धाच्या नांवानें धुतला गेला नाहीं, तो येशूच्या नांवानें धुतला गेला असें धरण्यास आधार कोणता? डॉ. आंबेडकरांनीं स्वतः ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर स्वतंत्र निबंध लिहून ठेविला आहे. धर्मांतरानंतरही जात कशी मागोमाग येते, हें त्यांनीं त्यांत उघड मांडलें आहे.

१९८५ सालीं सुप्रीम कोर्टापुढें एका ख्रिस्ती चांभाराचें प्रकरण आलें होतें. मद्रासेंत रस्त्याकडेला बसून जोडे शिवणारा हा मनुष्य. सरकारनें अनुसूचित जातीच्या चांभारांस बसण्यासाठीं लहान खोपटीं फुकट देण्याचें ठरविलें. शेजारच्यास मिळालें, ह्यास नाहीं. कारण हा ख्रिस्ती. कोर्टानें त्याची मागणी फेटाळली. आणि फेटाळतांना म्हटलें कीं, धर्म बदलल्यावरही पूर्वीची हीनदशा तितक्याच तीव्रतेनें चालू आहे याचा पुरावा पुढें आला पाहिजे, तो येथें नाहीं. ऊन त्या दोघां चांभारांच्या डोक्यावर सारखेंच पडत होतें, हा पुरावा कोर्टांत दाखल करण्याची सोय नव्हती.

यांतून निपजतें काय? गांवोगांव असा मनुष्य निपजतो कीं, ज्याचें कागदावरचें नांव एक व प्रार्थनेंतलें दुसरें. तो शाळेंत हिंदु, चर्चमध्यें ख्रिस्ती. २०२४ च्या नोव्हेंबरांत सुप्रीम कोर्टानें पुदुच्चेरीच्या अशाच एका बाईची मागणी नाकारून, केवळ लाभाकरितां धर्माचें नांव सांगणें म्हणजे घटनेशीं लबाडी होय, असा शेरा मारला. कायद्याची भाषा म्हणून तो शेरा आम्ही समजूं शकतों. पण ज्या माणसानें खोटें बोलल्याखेरीज मुलाची फी भरतां येत नाहीं, त्याच्या खोटेपणाची जबाबदारी वांटावयास बसलें तर पहिला वांटा त्याचा निघणार नाहीं.

दुसरा वांटा कोणाचा, हें सांगतांना आम्ही चर्चच्या पुढाऱ्यांची भीड धरणार नाहीं. अनुसूचित जातीचा दाखला मिळावा म्हणून ते सरकारापुढें अर्ज करतात, मोर्चे काढतात. आणि तोच दाखला ज्या दुःखाच्या आधारें मागावयाचा, त्या दुःखाची गोष्ट निघाली कीं, आमच्यांत जात नाहीं असें सांगून विषय बदलतात. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानें बोलतां येणार नाहींत. न्यायाकरितां इतकें सांगितलें पाहिजे कीं, डिसेंबर २०१६ मध्यें भारतांतील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनें दलितांच्या उन्नतीचें धोरण जाहीर करून चर्चमधील अस्पृश्यता हें पाप असल्याचें मान्य केलें. त्यापूर्वीं २००३ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तामिळनाडूच्या बिशपांस जातीवरून कानपिचक्या दिल्या. आणि २०२२ सालीं हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलित समाजांतले पहिले कार्डिनल झाले. एका माणसाच्या डोक्यावर तांबडी टोपी आली हें चांगलें झालें. दफनभूमीची भिंत तिनें किती इंच खालीं आली, तें तेथील लोकांस विचारावें.

आमचे कांहीं हिंदु वाचक येथपर्यंत वाचून समाधान पावले असतील, तर त्यांची निराशा करणें आम्हांस प्राप्त आहे. फुले यांना शाळा काढण्याची स्फूर्ति झाली ती अहमदनगरास मिस फॅरर यांची मुलींची शाळा पाहून. मिरजेस डॉ. वानलेस यांचें इस्पितळ, केडगांवास पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन, ह्या गोष्टी आमच्यापैकीं कोणी केल्या नव्हत्या. ज्यांस आम्ही चवदार तळ्याचें पाणी १९२७ सालीं सुखानें पिऊं दिलें नाहीं, ज्यांस १९३० सालीं काळारामाच्या दारांतून परतविलें, त्यांपैकीं कांहीं जण दुसरें दार ठोठावावयास गेले, आणि तेथेंही आमचीच जात आंत आधीं जाऊन बसलेली त्यांना आढळली. आमच्या पेठेंतील जे व्यापारी दुकानावर गडी ठेवतांना किंवा घर भाड्यानें देतांना आडनांव विचारून मग पुढें बोलतात, त्यांस ह्या प्रकरणीं परक्याच्या धर्मावर टीका करण्यास सवड नसावी.

२०२२ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठीं आयोग नेमला. त्यापूर्वीं २००७ सालीं न्या. रंगनाथ मिश्र यांच्या आयोगानें धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केलेलीच होती. अशा चौकशीपुढें चर्चनें कवितांसारखीं निवेदनें न देतां आपल्या वह्या ठेवाव्या, अशी आमची सूचना आहे. कोणत्या धर्मग्रामांत कोणास कोठें पुरलें, पंचमंडळांत किती दलित बसले, चर्चच्या कॉलेजांत त्यांच्या मुलांस किती जागा मिळाल्या, कोणत्या गांवीं कोणत्या आळींतून मिरवणूक जात नाहीं, हें सर्व चर्चच्या दप्तरांत आहे. स्वतःच्या विरुद्ध दिलेल्या कबुलीइतका बळकट पुरावा कोर्टांत दुसरा नसतो, व १९८५ सालीं त्या चांभारापाशीं नेमका तोच नव्हता. त्या वह्यांत वडक्कनकुळमचें १९१० सालचें पानही असावें. तेथली भिंत कोणा कोर्टाच्या हुकुमानें नव्हे, तर एका पाद्र्यानें मजूर लावून पाडली होती.