अनुलेखन की निबंध?



आज एक सोपा प्रश्न विचारते. फळ्यावरचा उतारा वहीत जसाच्या तसा, वळणदार अक्षरात उतरवायचा, ते झालं अनुलेखन. आणि ‘माझा आवडता पक्षी’ हा निबंध कुठंही न बघता आपल्या मनानं लिहायचा. यातलं अवघड काम कोणतं? निबंधच ना! अनुलेखनाला मार्क हमखास मिळतात. निबंधाला मात्र कधी शाबासकी मिळते, तर कधी लाल शाईच्या रेघोट्या.

आज ज्यांची ओळख करून देणार आहे, त्यांनी अनुलेखनाचे हमखास मार्क सोडले आणि निबंध लिहायला घेतला. ही माणसं आहेत बँडवाली. थांबा, थांबा! वरातीपुढं चालतो तो बँड नव्हे. गिटार, कीबोर्ड आणि ड्रम घेऊन रॉक संगीत वाजवणारा हा मुंबईचा बँड. त्याचं नाव ‘रॉक मशीन’, आणि पुढचं नाव ‘इंडस क्रीड’.

मी राहते त्या आचोळ्याहून नालासोपारा स्टेशन गाठायचं, चर्चगेटची लोकल पकडायची आणि मरीन लाइन्सला उतरायचं. तिथून थोडं चाललं की धोबीतलाव. झेवियर्स कॉलेजच्या शेजारी तिथं रंगभवन नावाचं उघड्यावरचं नाट्यगृह आहे. १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा मेळा सुरू झाला. तो या रंगभवनात वर्षानुवर्षं गाजला. कॉलेजची पोरं तिथं तुडुंब गर्दी करायची. पुढं शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथले कार्यक्रम बंद पडले.

त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक रॉक बँडांचं काम म्हणजे अनुलेखन. इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रसिद्ध बँडांची गाणी हुबेहूब वाजवायची. जितकी हुबेहूब, तितक्या टाळ्या जास्त! काहींनी वेगळं करूनही पाहिलं. मुंबईच्याच ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकुलती एक तबकडी १९८१ साली निघाली आणि विसरली गेली. तब्बल तीस वर्षांनी, २०११ साली, अमेरिकेतल्या एका कंपनीनं ती शोधून पुन्हा काढली. म्हणजे आपल्या गावच्या गाण्याची किंमत परगावच्यांनी आपल्याला सांगितली!

‘रॉक मशीन’ची सुरुवात १९८४ ची. पहिल्यांदा तेही दुसऱ्यांचीच गाणी वाजवत. यात वाईट काहीच नाही बरं का! अक्षर वळणदार व्हायला अनुलेखन लागतंच. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेस गिटारवर आणि गायला उदय बेनेगल. नंतर कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आले. नावं वाचलीत ना? एकेक नाव एकेका समाजातलं. मुंबईच्या लोकलचा एखादा डबाच जणू.

मग या मंडळींनी ठरवलं, आता आपलं आपण रचायचं. १९८८ साली त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा आल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. रेनेगेड म्हणजे ठरलेला कळप सोडून जाणारा. नाव अगदी शोभलं! १९९० साली दुसरा आला, ‘द सेकंड कमिंग’. त्यातल्या ‘प्रीटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला १९९३ साली एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास त्यांनी नाव बदललं. इंडस म्हणजे आपली सिंधू नदी आणि क्रीड म्हणजे ज्यावर आपला विश्वास आहे असं मत. १९९५ साली याच नावाचा आल्बमही निघाला.

आता तुम्ही म्हणाल, “बाई, एवढं सगळं झालं, तर आम्हाला यांचं नाव कसं माहीत नाही?”

बरोबर विचारलंत. आपल्याकडं गाणं म्हटलं की सिनेमाचं. रेडिओवर तेच, लाउडस्पीकरवर तेच. यांच्या गाण्यांना सिनेमा नव्हता, नट नव्हता, नाच नव्हता. शिवाय गाणी इंग्रजीत. घरातले म्हणणार, “हे आपलं नव्हे.” आणि परदेशातले म्हणणार, “इंग्रजी गाणी आमच्याकडं पुष्कळ आहेत.” म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी! १९९७ साली बँड मोडला. आमच्या आचोळ्यात आज दहा घरांत विचारलं, तर एखाद्याच घरात हे नाव कुणी ऐकलेलं असेल.

पण गोष्ट इथं संपत नाही. २०१० साली उदय, महेश आणि झुबिन पुन्हा एकत्र आले. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी असे दोन तरुण सोबतीला घेतले आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा आल्बम काढला. इव्हॉल्व्ह म्हणजे हळूहळू घडत जाणं, बदलत जाणं. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात परिपक्व आल्बम, आणि सगळ्यात कमी ऐकला गेलेलाही हाच असावा. १९८८ ची गाणी सरळ आणि जोरकस होती. इथं गाणी थराथरांची आहेत. मध्येच चाल पालटते, गिटार आणि कीबोर्ड एकमेकांशी बोलतात. अशा संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. तिथवर पोहोचायला या बँडला २८ वर्षं लागली!

प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढं पुढं जाणारा. १९६९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘किंग क्रिमसन’, ‘येस’, ‘जेनेसिस’, ‘पिंक फ्लॉइड’ अशा बँडांनी ही तऱ्हा रुजवली. तीन-चार मिनिटांचं गाणं त्यांना पुरेना. ‘येस’नं १९७२ साली एकच गाणं एवढं लांबवलं की तबकडीची अख्खी एक बाजू त्यानंच व्यापली! नेहमीचे चार ठोकेही त्यांना पुरेनात. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं ‘मनी’ हे गाणं बहुतेक सगळं सात मात्रांत चालतं.

सात म्हटल्यावर कुणाचे कान टवकारले? तबला शिकणाऱ्यांचे! आपला रूपक ताल सात मात्रांचाच, तीन, दोन, दोन. चला, आत्ताच करून बघू. मांडीवर हात ठेवा आणि म्हणा, “एक दोन तीन, एक दोन, एक दोन.” प्रत्येक ‘एक’वर टाळी द्या. चारदा न चुकता जमलं, तर तुम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायला तयार! ज्यांना हे संगीत परकं वाटतं, त्या आजोबांनाही हा खेळ दाखवा. ते हसून ताल धरतील.

आमच्या वर्गातला एक मुलगा मोठ्या भावाबरोबर बेंजो पार्टीत जातो. हळदीला, गणपतीला ऑक्टोपॅड वाजवतो. मधल्या सुट्टीत बाकावर त्यानं एक ठेका वाजवून दाखवला. मी विचारलं, “कुठल्या गाण्याचा रे?” तर म्हणाला, “कुठल्याच नाही बाई, माझाच आहे. पण हळदीत नाही वाजवत. लोक नाचायचे थांबले तर दादा ओरडेल.”

मुलांनो, त्याचं म्हणणं खोटं नाही. लोक खरंच थांबतील कदाचित. पार्टीला पैसे मिळतात ते ओळखीच्या गाण्यांचे. ‘रॉक मशीन’पुढंही हाच पेच होता. मी त्याला एवढंच म्हटलं, “रात्रभर त्यांची गाणी वाजव. पण दोन गाण्यांच्या मध्ये अर्धा मिनिट तुझा ठेका वाजव आणि बघ काय होतं.” अजून त्यानं वाजवलेला नाही. दादाची परवानगी बाकी आहे!

आता दोन शब्द पालकांसाठी. मूल पेटीवर सिनेमाचं गाणं वाजवतं, तेव्हा आपण पाहुण्यांसमोर कौतुकानं वाजवून घेतो. तेच मूल काहीतरी स्वतःचं बडवत बसलं, की म्हणतो, “आवाज बंद कर, अभ्यासाला बस!” अभ्यास हवाच. पण दिवसातली दहा मिनिटं त्या बडवण्यालाही द्या. आणि आवडलं नाही, तरी शेवटपर्यंत ऐका. स्वतःचं काही करणाऱ्याला निदान एक तरी श्रोता लागतो, आणि पहिला श्रोता घरातलाच असतो.

हे आल्बम ऐकायचे कसे? मोठ्यांना विचारून मोबाइलवर शोधा. आधी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’मधलं एखादं गाणं, मग ‘प्रीटी चाइल्ड’, मग ‘इव्हॉल्व्ह’मधलं ‘फायरफ्लाइज’, म्हणजे काजवे. मध्येच पुढं ढकलायचं नाही हं! पहिल्यांदा ऐकताना फक्त ड्रमकडं लक्ष द्या, दुसऱ्यांदा कीबोर्डकडं, तिसऱ्यांदा सगळ्यांकडं. शब्द नाही कळले तरी चालतील. आवडलं नाही तर तसं खुशाल म्हणा, पण तीनदा ऐकल्यावर!

आणि हा या आठवड्याचा गृहपाठ. डबा, पट्टी, कंपासपेटी, काहीही घ्या आणि सात मात्रांचा स्वतःचा ठेका बनवा. कुठल्या गाण्यातला उचलायचा नाही. घरात कुणा एकाला समोर बसवून तो वाजवून दाखवा. कोण बसलं आणि काय म्हणालं, ते मला जरूर कळवा.

तुमच्या,
बाई