रेट सिंड्रोम: दोष ना नात्यातल्या लग्नाचा, ना आईचा

मुलगी चालायला लागली, 'आई', 'पाणी' म्हणू लागली आणि दीड वर्षाच्या आसपास बोलणंच थांबलं. हातातला खुळखुळा सुटला. आता दोन्ही हात सतत एकमेकांवर चोळते, जणू कपडे पिळतेय. रेट सिंड्रोमची ही ठळक खूण. साधारण 10 हजार मुलींमागे एकीला हा आजार होतो.

सातारा-सांगलीकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत. त्यामुळे बोट लगेच नात्यातल्या लग्नाकडे जातं, नाहीतर थेट सुनेकडे. अशा लग्नांमुळे काही जनुकीय आजारांचा धोका वाढतो, हे खरंच. पण रेटमध्ये एमईसीपी-टू या जनुकातला बदल बहुतेकदा नव्यानेच घडलेला असतो, आणि तोही बहुतांशी वडिलांच्या शुक्राणूत!

आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही. अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालेलं ट्रोफिनेटाइड लक्षणांपुरतंच. रोजची लढाई फिट, मणक्याचा बाक आणि गिळण्याच्या त्रासाशी. फिजिओथेरपी हवी, अधूनमधून ईसीजीही. या मुली डोळ्यांनी बोलतात. दोन चित्रं समोर धरली, तर नजरेने निवडतात.

'बोलेल उशिरा' म्हणत थांबू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. शिकलेलं विसरतेय, हे त्यांना स्पष्ट सांगा.